मामांचं ‘दोनशे वर्षांचं’ घर: खरं वय कसं काढायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आजोळचं दुमजली कौलारू घर आहे, मामा ते दोनशे वर्षांचं सांगतात, कागद हाताशी नाहीत. मग वय कसं ठरवायचं?

जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढायचं काम मी करतो, त्यामुळं गावातल्या बऱ्याच माड्या चढून झाल्यात. आपल्याकडं जुनं घर एक तर ‘दोनशे वर्षांचं’ असतं, नाही तर ‘शाहू महाराजांच्या काळातलं’. बऱ्याचदा एकच माणूस एकाच घराबद्दल दोन्ही सांगतो. महाराजांची कारकीर्द 1894 ते 1922, तेव्हा यातलं एक खरं धरलं की दुसरं आपोआप पडतं. मामांसमोर हा हिशेब मांडायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

भिंतींवरून अंदाज बांधू नका. या घरांत वरचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात, पांढऱ्या मातीची भिंत बरेचदा नुसती आडोशाला असते. त्यात शुक्रवार पेठ पंचगंगेच्या काठची. 2019 आणि 2021 च्या महापुरात भिजून बसलेल्या भिंती लोकांनी विटा-सिमेंटात पुन्हा उभ्या केल्या, माडी होती तिथंच राहिली. म्हणजे खालचा मजला परवाचा आणि वरचा पणजोबांचा, असंही घर तिथं असतं.

लाकूड बघा. सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, तुळईवर बॅटरी आडवी धरलीत तर हत्याराच्या खुणा वर येतात. उथळ, वाटीसारखे घाव म्हणजे वाकसानं (सुताराच्या तासणीच्या हत्यारानं) तासलेलं लाकूड. सरळ रेघा म्हणजे करवतीचं. यावरून साल निघत नाही. मात्र एकाच सोप्यात दोन्ही तऱ्हेच्या तुळया दिसल्या तर मधे कधीतरी दुरुस्ती किंवा वाढ झाली असण्याची शक्यता मोठी. तुळईला रिकामी खाच असेल, तिच्यात काहीच बसलेलं नसेल, तर ती तुळई बहुधा आधी दुसऱ्या घरात होती. वाडा उतरवला की सागवान विकलं जायचं. इतकं चांगलं लाकूड कोण जाळतंय? अशा वेळी तुळई घरापेक्षा वयानं मोठी निघते. खांबाखालचा दगडी तळखडा फरशीत अर्धा बुडालाय का, तेही बघून घ्या. बुडाला असेल तर जमीन नंतर उचललेली आहे.

आता कौलं. इथं सगळे फसतात. मंगलोरी कौल उलटं करून पाहिलं की काहींवर बेसल मिशन या ख्रिस्ती संस्थेचं नाव आणि 1865 साल उठवलेलं दिसतं. ते तिचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. तसलंच कौल पुढं कितीतरी वर्षं पाडत होते. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 ला. त्याआधी एवढा जड माल घाटातून बैलगाड्यांनी आणणं सामान्य घराला परवडण्यातलं नव्हतं, म्हणून साध्या घरावरची मंगलोरी कौलं मी तरी रेल्वेनंतरचीच धरतो. पण कौलं नंतरची म्हणजे घरही नंतरचं, असं नाही. देशी नळीची कौलं उतरवून मंगलोरी चढवलेली घरं पुष्कळ आहेत. कौलांखालच्या रिपा (आडव्या पट्ट्या) नव्या आणि खालचे वासे जुने, काळे पडलेले असतील तर तसंच झालं असणार.

कागद नाहीत म्हणता, पण घरात नसले म्हणून कुठंच नसतील असं नाही. नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. त्यावर मालकी कशी बदलत गेली ते दिसतं, बांधकामाचं साल बहुतेक वेळा नसतं. महापालिकेत घरफाळ्याच्या जुन्या नोंदी मिळतात का विचारा. खरा माल असतो तो वाटणीपत्रात आणि खरेदीखतात, आणि ते मामांच्या ट्रंकेत नाही तर चुलत घराकडं सापडतं. कोल्हापूर संस्थान 1949 ला विलीन झालं. त्याआधीचा कागद मोडी लिपीत असला तर घाबरू नका, कोल्हापुरात मोडी वाचून देणारी माणसं आहेत. संस्थानी दप्तर इथल्या पुराभिलेखागारात आहे, पण घराण्याचं नाव आणि अंदाजे काळ माहीत असल्याशिवाय तिथं जाऊन दिवस घालवू नका.

वाटणीपत्र मिळालंच तर चतुःसीमा आणि खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) वाचा. सोपा किती खणांचा, माजघर किती खणांचं, परसू कुणाच्या वाट्याला, असं त्यात लिहिलेलं असतं. आज उभ्या असलेल्या घराचे खण मोजून ताडून पाहा. आकडे जुळले तर कागदाच्या तारखेला घराचा सांगाडा असाच होता असं मानायला आधार मिळतो. नाही जुळले तर कुठला भाग पाडला किंवा वाढवला, तो शोधायला लागा.

मामा रंगकाम काढायच्या बेतात असतील तर आधी तुळयांचे आणि कौलाच्या पाठीचे फोटो काढून इथं टाका. ऑइलपेंट बसला की वाकसाच्या खुणा वाचणं फार अवघड होतं.