‘मीथिंक्स’मध्ये ‘आय’ का नाही?

शेक्सपिअर वाचताना ‘मीथिंक्स’ भेटतं. ‘आय थिंक’ सोडून हे असं का, आणि शेवटी ‘स’ कुठून आला, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक गोंधळ टाळू. यातला ‘मी’ इंग्रजी, म्हणजे आपला ‘मला’. आणि ‘थिंक’ इथे ‘विचार करणे’ नाहीच. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक विचार करणे, दुसरं वाटणे किंवा भासणे. रूपं इतकी जवळची की पुढे ती एकमेकांत मिसळून गेली. ‘मीथिंक्स’ दुसऱ्यातून आलंय, म्हणजे सरळ ‘मला वाटतं’. क्रियापद ‘मला’शी जुळत नाही, ते तृतीयपुरुषी एकवचनीच राहतं, त्याचाच तो ‘स’. बोलणारा पुरुष असो की बाई, मराठीतही ‘मला वाटतं’च. इंग्रज विद्यार्थी इथे अडखळतो, आपण अडखळायचं कारण नाही.

चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर ‘मी थिंकेथ’ लिहितो, तसंच ‘अस थॉट’, म्हणजे ‘आम्हांला वाटलं’, हेही लिहितो. पुढे टिकलं ते मुख्यतः ‘मी’चं रूप. जुन्या छापील प्रतींत ते बऱ्याचदा दोन शब्दांत तोडलेलं दिसतं.

भूतकाळ ‘मीथॉट’. हा स्वप्न सांगताना हमखास येतो. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये बॉटम हे पात्र जागं होतं तेव्हा, आणि कवी मिल्टनने आपल्या मृत पत्नीवर लिहिलेल्या सुनीतात पहिल्याच शब्दाला.

‘हॅम्लेट’मधलं गर्ट्रूडचं, म्हणजे हॅम्लेटच्या आईचं, ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स’ हे वाक्य लोक ‘मीथिंक्स’ सुरुवातीला आणून म्हणतात; मूळात ते शेवटी आहे. शिवाय तिथला ‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध नव्हे, शपथेवर सांगणं: ‘बाई जरा जास्तच आणाभाका घेतेय, असं वाटतं.’

याच घडणीचं ‘लाइक’ जास्त फसवं. ‘हॅम्लेट’च्या शेवटच्या अंकात ‘धिस लाइक्स मी वेल’ येतं, तलवार हातात घेऊन पाहताना. अर्थ ‘ही मला आवडली’. आजच्या व्याकरणाने वाचलं तर तलवारीलाच हॅम्लेट आवडतो!

स्वतः लिहिताना ‘आय मीथिंक्स’ कधीही नको, ते ‘मी मला वाटतं’ होतं. ‘ही मीथिंक्स’ही नाही (हा ‘ही’ इंग्रजी, म्हणजे ‘तो’). नंतर ‘दॅट’ची सहसा गरज पडत नाही, वाक्याच्या सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं. मात्र आज त्याला थट्टेचा सूर आहे, त्यामुळे नोकरीच्या अर्जात नको.