'कालांतर' नव्हे, कलांतर!

प्रश्न असा: "दोन सारख्या प्रकाशलहरी एकत्र आल्या की उजळ पट्ट्यावर तीव्रता दुप्पट नाही, चौपट होते म्हणे. सूत्रात 'कालांतर' येतं, ते वेळेतलं अंतरच ना?"

नाही हो! हे 'कालांतर' ऐकून कान किटले. कालांतराने केस पिकतात. लहरींमध्ये असतं ते कलांतर. पहिलं अक्षर 'क', 'का' नव्हे.

गाण्या-चित्रांची कला सोडा. ही कला चंद्राची, म्हणजे सोळावा हिस्सा. चंद्र आपल्या फेऱ्यात कुठवर आला ते ती सांगते, तसंच लहर तिच्या आवर्तनात कुठवर आली तेही. दोन लहरींच्या कलांमधलं अंतर ते कलांतर. काही विद्वान ही कला अंशाच्या साठाव्या भागावरून ओढून आणतात. असेल, पण कलांतर अंशांत किंवा रेडियनमध्ये मोजतात, कलांत मोजणारा मला अजून भेटायचाय. आणि लहरीच्या कलेला 'प्रावस्था' म्हणणाऱ्यांनी आपला शब्द बर्फ-पाणी-वाफेसाठी राखून ठेवावा.

खरी गंमत पुढेच आहे. कलांतर म्हणजे व्याज! जुन्या मराठीतलं 'कळंतर' ते हेच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) गणित आहे: शंभराला महिन्याचं कलांतर पाच, तर सोळाचं वर्षाचं किती? (नऊ पूर्णांक तीन पंचमांश.) परिभाषा घडवणाऱ्याच्या कानात हे व्याज घुमत होतं, असा माझा लाडका तर्क आहे. कोशकार नाक मुरडतील, मुरडोत. सूत्रच बघा ना:

एकूण तीव्रता = पहिली + दुसरी + २ × √(पहिली × दुसरी) × कोसाइन (कलांतर)

पहिल्या दोन संख्या मुद्दल, तिसरं पद कळंतर! फरक एवढाच, की हे व्याज उणेही होतं. दोन्ही तीव्रता १ धरा. कलांतर शून्य असेल तर १ + १ + २ = ४, ही तुमची चौपट. १८० अंश असेल तर व्याज उणे २, मुद्दलासकट सगळं साफ, काळा पट्टा. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मार्गांतला फरक १०० नॅनोमीटर असेल, तर तो लहरीचा सहावा भाग, म्हणजे ६० अंश. कोसाइन अर्धा, तीव्रता ३. सगळ्या पट्ट्यांची सरासरी मात्र २च. उजळ पट्ट्याला मिळालं ते काळ्याच्या खात्यातून.

दोन वेगळे दिवे लावले तर त्यांचं कलांतर इतक्या झपाट्याने बदलत राहतं, की अधिक-उणे व्याज फिटून जातं आणि हाती नुसतं मुद्दल उरतं: दुप्पट.