विकत घेतलेला गेम उघडत नाही, क्रॅक टाकू का?

प्रश्न: मुलाने साठवलेल्या पैशांतून गेम विकत घेतला. कॉम्प्युटर बदलला, तर 'मर्यादा संपली' म्हणून तो उघडेना. मित्र म्हणतात, क्रॅक (गेमचं कॉपीविरोधी संरक्षण तोडणारी फाइल) टाक. टाकू द्यावा का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, पोराचा राग रास्त आहे. २००८ साली 'स्पोर' गेमला सुरुवातीला ३ कॉम्प्युटरचीच मर्यादा होती. ओरड झाल्यावर ती ५ केली. फुकटच्या प्रती तरीही फिरतच राहिल्या. जाच झाला तो पैसे मोजणाऱ्यांना. याची मला मनापासून चीड येते.

तरीही क्रॅक नको. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात असे कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात. क्रॅकसोबतची सूचना आधी अँटीव्हायरस बंद करायला लावते, आणि त्याच वाटेने पासवर्ड चोरणारी फाइल आत शिरते. शिवाय हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे.

गेमच्या खात्यातून जुना कॉम्प्युटर काढता येतो का, ते आधी बघा. नाहीतर बिल जोडून कंपनीला लिहा, आणि पिच्छा सोडू नका. पुढचा गेम शक्यतो 'जीओजी' या गेम विकणाऱ्या वेबसाइटवरून घ्या. तिथल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, कॉम्प्युटर कितीही बदला.