पशुपालकांचे प्रश्न : गोठ्यातली गादी आणि गाईची कास

प्रश्न : राऊच्या पुढे आमचा १४ संकरित गाईंचा गोठा आहे. खाली कोबा, त्यावर रबरी मॅट. पावसाळ्यात मॅटवर वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा पसरतो आणि रोज सकाळी झाडतो. तरी जुलैपासून तीन गाईंना कासदाह (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) झाला. त्यातल्या दोन नुकत्याच व्यालेल्या. एकीला एकाएकी ताप आला आणि दूध पाण्यासारखं पातळ झालं. धार काढायला माणूस जुनाच आहे. चुकतंय कुठे? — एक वाचक, इंदूर

उत्तर : भर पावसाळा, ताजी व्यालेली गाय, अचानक ताप आणि पाण्यासारखं दूध, हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय गोठ्यातल्या जंतूंवर येतो, ई. कोलाय किंवा क्लेबसिएला. धार काढताना एकीकडून दुसरीला लागणारा स्टॅफिलोकॉकस असता, तर बहुधा ताप न येता दुधात गुठळ्या दिसल्या असत्या आणि तोच सड पुन्हा पुन्हा सुजला असता. खात्री दुधाच्या तपासणीनेच होईल. प्रतिजैविक टोचण्याआधी सडाचं टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. नमुना कुठे द्यायचा ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आता भुशाकडे वळू. ओल्या, ताज्या चिरलेल्या लाकडाचा भुसा क्लेबसिएलासाठी कुख्यात आहे. त्याचे बारीक कण सडाच्या टोकाला चिकटतात. शेण-मूत मिसळलं की एक-दोन दिवसांत एका ग्रॅम भुशात दहा लाखांहून जास्त जंतू होऊ शकतात, आणि तिथून पुढे कासेला धोका वाढतो असं धरलं जातं. भुसाच वापरायचा तर कोरड्या लाकडाचा, जरा जाडसर घ्या. तो छपराखाली ठेवा. उघड्यावर भिजलेलं पोतं स्वस्तात मिळालं तरी नको.

सकाळी एकदा झाडणं पावसाळ्यात पुरत नाही. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून असते आणि तिची कास जागेच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यावर टेकते. शेण-मूतही तिथेच पडतं. म्हणून सगळ्या जागेवर पातळ भुसा पसरण्यापेक्षा मागच्या दोन-अडीच फुटांकडे लक्ष द्या. दोन्ही धारांच्या वेळी तिथला ओला भुसा पूर्ण खरवडून काढा आणि गाईमागे एक-दोन किलो कोरडा टाका. ओल्यावर कोरडा टाकला तर वरून चांगलं दिसतं, पण गाय बसली की तिच्या वजनाने खालची ओल वर येते. तपासायची सोपी रीत : कासेच्या जागी गुडघे टेकून वीस-पंचवीस सेकंद बसा. गुडघे ओले झाले, तर सडही ओलेच राहणार.

मॅट आठवड्यातून एकदा उचला. तिच्याखाली मूत साचतं आणि बाहेरून कळत नाही. कोब्याला नालीकडे उतार हवा. सहा फुटांच्या जागेला सव्वा ते दीड इंच पुरे. खड्डा पडला असेल तर आधी तो बुजवा, नाहीतर बाकीची मेहनत फुकट जाते.

चुना चालतो, पण विझवलेला. कळीचा चुना ओल लागताच तापतो आणि कातडी भाजते. मागच्या भागावर पाव ते अर्धा किलो भुरभुरावा, वरून भुसा टाकावा. त्याचा असर दिवसभर टिकतो, पुढे फारसा नाही. सडांना भेगा दिसू लागल्या तर चुना थांबवा. भेगाळलेल्या कातडीत जंतू जास्त धरतात.

धारेनंतर सडाचं तोंड पूर्ण मिटायला अर्धा ते दोन तास लागतात. तेवढ्यात गाय ओल्या जागेवर बसली की जंतूंना वाट मोकळी. म्हणून ताजा चारा धार संपल्याबरोबर गव्हाणीत टाका, ती खात उभी राहते. धारेआधी बादलीने अख्खी कास धुऊ नका. ते घाण पाणी ओघळून सडांवर येतं. फक्त सड अर्धा टक्का आयोडीनच्या सडांसाठीच्या द्रावणात बुडवा, तीस सेकंद थांबा आणि प्रत्येक गाईला वेगळं कोरडं फडकं घेऊन पुसा. गोठ्यातल्या जंतूंविरुद्ध धारेआधीचं हे बुडवणं जास्त कामाचं. धारेनंतरचंही सोडू नका, पण ते मुख्यतः धारेत पसरणाऱ्या जंतूंसाठी आहे.

प्रश्न : भुशाऐवजी नर्मदेची वाळू टाकावी का? आमच्याकडे गोबर गॅस आहे. — वाचक, देवास नाका

उत्तर : कासेसाठी वाळूसारखी गादी नाही. तिच्यात जंतूंना खायला काही नसतं आणि पाणी खाली निथळतं. मात्र ती धुतलेली, बिनमातीची हवी, सहा इंच जाड हवी आणि मागे कडेला अडवणारी पट्टी हवी. मातकट वाळूचा फायदा नाही. गोबर गॅस असेल तर मात्र आमचा सल्ला नाही असाच आहे. शेणाबरोबर वाळू टाकीत जाते, तळाशी बसते, टाकीची जागा कमी करते आणि शेवटी टाकी उपसावी लागते. तुम्ही मॅट आणि कोरडा भुसाच ठेवा. गव्हाचा भुसा ओल चांगली शोषतो, पण शेण लागून साचला तर त्यात स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हा कासदाहाचा जंतू वाढतो, म्हणून तोही रोज बदलावा लागतो. बुरशी आलेला चाऱ्यालाही नको आणि गादीलाही नको.

प्रश्न : भाकड गाई मागच्या कच्च्या आवारात बांधतो. त्यांचं दूध निघत नाही, मग गादी कशाला? — वाचक, सांवेर

उत्तर : त्यांनाच जास्त गरज आहे. दूध आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि व्यायच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे हा नवा संसर्ग व्हायचा सर्वांत धोक्याचा काळ. तेव्हा शिरलेले जंतू कासेत दबून राहतात आणि व्याल्यावर पहिल्या महिन्यात कासदाह म्हणून वर येतात. माळव्यातली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते. ती फूटभर काढा, मुरूम धुम्मस करून भरा, वर छप्पर घाला. सगळ्या आवाराला जमत नसेल तर व्यायला टेकलेल्या गाईंपुरती एक कोरडा खण तरी याच आठवड्यात तयार करा.