घरच्या काचेच्या टाकीत पाळायला पहिल्यांदा ओढ्यावर मासे धरायला निघालायस? आधी बादली बघ

भावा, जाळं कुठलं घेऊ हे मागनं बघू. नवी पोरं मासे धरण्यात हुशार, घरी आणण्यात कच्ची. मी पहिल्या खेपेला कुंभी नदीकाठच्या ओढ्यातले चाळीस डॅनिओ (बोटभर चपळ मासे) एकाच बादलीत कोंबले. कोल्हापुरात शिरेपर्यंत निम्मे तोंड वर काढून धापा टाकत होते. सकाळी चारच उरले.

म्हणून सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- दहा लिटरला सात-आठ बोटभर मासे, बस्स. बॅटरीवरचा एअरपंप, बादलीभोवती ओला टॉवेल आणि वर झाकण. डॅनिओ उड्या मारतात.
- ओढ्याचंच पाणी एक कॅन जादा आण. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. घरी पोचल्यावर टाकीतलं पाणी थोडं थोडं बादलीत मिसळत जा, अर्धा-पाऊण तास तरी.
- दोन-तीन आठवडे जुन्या माशांपासून वेगळे ठेव.

दगडाला चिकटलेला पट्ट्यापट्ट्यांचा लोच (तळाशी राहणारा लांबट मासा) दिसेल, मोह होईल. सोडून दे. त्याला खळाळतं पाणी लागतं, साध्या टाकीत तग धरत नाही.

मृगात चढणीच्या माशांना हात लावायचा नाही, ते अंडी घालायला निघालेले असतात. दिवाळीनंतर पाणी निवळलं की जा. राधानगरी अभयारण्यात जाळं काढायचंच नाही, इतरत्रही आधी परवानगी विचार. आणि दुकानातले मासे नकोसे झाले म्हणून रंकाळ्यात ओतू नकोस.

हां, स्लीपर घालून येऊ नकोस. पट्ट्याचे सॅन्डल घाल, शेवाळावरनं सटकशील.