कलम २१ धर आणि मागे जा
राज्यघटना समजून घ्यायची तर गाईड पाठ करत बसू नकोस. एकच कलम घे. माझं ऐकशील तर २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. त्यातल्या ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ या शब्दांवर थांब. अमेरिकेतलं ‘ड्यू प्रोसेस’ (कायदा न्याय्य आहे का, हेही न्यायालयाने तपासायचं तत्त्व) सोडून जपानी घटनेच्या कलम ३१शी जुळणारे शब्द आपण का घेतले, ते शोध. १३ डिसेंबर १९४८ची संविधान सभेतली चर्चा काढ. बाबासाहेब दोन्ही बाजू मांडतात आणि निर्णय सभेवर सोपवतात. हे मुळातूनच वाचायला हवं. मग सर्वोच्च न्यायालयाचा १९५०चा गोपालन (स्थानबद्धतेबद्दलचा) आणि १९७८चा मनेका गांधी निकाल लागोपाठ वाच. सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त केला, कारणं द्यायला नकार दिला, आणि त्यातून प्रशासकीय कायद्यातला नैसर्गिक न्याय (बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नको, हे तत्त्व) थेट कलम २१मध्ये आला! गोपालनमधलं न्यायमूर्ती फझल अलींचं अल्पमत मात्र अजिबात गाळू नकोस.