‘द फूल’ गिटारविषयी, तुझ्या मसुद्याच्या निमित्ताने

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ‘द फूल’ या रंगवलेल्या गिटारवरचा (‘गिब्सन’ कंपनीच्या ‘एसजी’ मॉडेलवरचा) तुझा मसुदा सावकाश वाचला. भाषा नेटकी आहे आणि विषयावरचे प्रेम ओळीओळीत दिसते. परंतु पहिल्याच परिच्छेदात ‘१९६१ सालची ही गिटार जॉर्ज हॅरिसनने क्लॅप्टनला भेट दिली’ असे तू एका दमात लिहून मोकळी झाली आहेस. या एका वाक्यात दोन वादग्रस्त विधाने सिद्ध गोष्टींच्या थाटात शेजारी शेजारी बसली आहेत. हे पत्र प्रामुख्याने त्या वाक्यासाठी आहे.

आधी पक्की जमीन कुठे आहे ते पाहू. २५ मार्च १९६७ पासून न्यूयॉर्कच्या आरकेओ ५८ स्ट्रीट थिएटरमध्ये रेडिओ निवेदक मरे द के याने भरवलेल्या कार्यक्रमात क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या बँडने अमेरिकेतले आपले पहिले प्रयोग केले, आणि तिथे ही गिटार रंगलेल्या अवस्थेत क्लॅप्टनच्या गळ्यात होती. त्यानंतर मे महिन्यात त्याच शहरातल्या अटलांटिक स्टुडिओत ‘डिझरायली गियर्स’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हाही ती वापरात होती. चित्रकारांबद्दलही शंका नाही. मारैके कोगर आणि सिमोन पोस्टुमा हे डच कलावंत आणि त्यांचे सहकारी ‘द फूल’ या नावाने काम करीत, आणि गिटारला तेच नाव चिकटले. ‘क्रीम’मधलेच त्याचे साथीदार जॅक ब्रूसचा बास आणि जिंजर बेकरचे ड्रमही त्यांनीच सजवले. त्याच वर्षाअखेरीस लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीच्या दुकानाची अख्खी भिंत रंगवून त्यांनी शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. यापुढे मात्र प्रत्येक पाऊल चाचपून टाकावे लागते.

सालाचा प्रश्न घे. कुठे १९६१ छापलेले आढळते, कुठे १९६४. अलीकडे १९६४ कडेच बहुतेकांचा कल आहे. तू १९६१ का निवडलेस, याचे कारण मसुद्यात नाही. कदाचित एसजीची ती पातळ, दोन शिंगांची बॉडी त्या साली बाजारात आली, म्हणून तो आकडा लेखकांच्या तोंडी बसला असावा. साल ठरवण्याची साधने वेगळी आहेत. त्या काळात गिब्सन आपला अनुक्रमांक हेडस्टॉकच्या (गिटारच्या मानेच्या टोकाच्या, खुंट्यांच्या भागाच्या) मागच्या बाजूला ठोकत असे. पण ही गिटार हेडस्टॉकच्या मागेही रंगवलेली होती आणि पुढे तिच्या हेडस्टॉकचा काही भाग दुरुस्तीत बदलला गेला, त्यामुळे जो साक्षीदार सर्वांत विश्वासार्ह ठरायचा तोच जखमी आहे. आत बसवलेल्या व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटवर (बटणामागच्या विद्युत घटकावर) उत्पादकाचा, वर्षाचा आणि आठवड्याचा सांकेतिक क्रमांक असतो हे खरे, परंतु पॉट बदलता येते, आणि ते मूळचेच असले तरी वाद्य त्या तारखेच्या आधी जोडलेले नाही एवढेच त्यावरून म्हणता येते. उरतात ती छायाचित्रे. एसजीच्या सुरुवातीच्या व्हायब्रोलाची (तारांचा स्वर कंपित करणाऱ्या यंत्रणेची) दांडी आडवी हलत असे आणि नंतरच्या व्हायब्रोलाची वरखाली, म्हणून रंगाखाली लाकूड कितीही झाकले गेले असले तरी धातूचे भाग बोलतात. टेलपीस (तारांचे खालचे टोक धरणारा भाग) तर या गिटारवर एकाहून अधिक वेळा बदलला आहे, त्यामुळे तारीख ठाऊक असलेली छायाचित्रे क्रमाने लावलीस, तर तारीख नसलेली छायाचित्रेही आपोआप आपल्या जागी जाऊन बसतील. हे काम कंटाळवाणे आहे, पण तुझ्या लेखाचा सर्वांत मौल्यवान भाग तोच ठरेल असे मला वाटते.

‘बीटल्स’मधल्या हॅरिसनच्या भेटीची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, म्हणून ती खरी ठरत नाही. एकाच बखरीच्या दहा नकला मिळाल्या म्हणून दहा साक्षी मिळाल्या असे आपण म्हणत नाही. इथे एक बाजूची हकीकत लक्षात घे. हॅरिसनकडे स्वतःची १९६४ ची एसजी होती. ती त्याने ‘बॅडफिंगर’ या बँडच्या पीट हॅमला दिली, आणि २००४ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात तिला ५,६७,५०० डॉलर मिळाले. दोन मित्र, दोन एसजी, आणि त्यांतल्या एकीचे दान निश्चित झालेले: या दोन गोष्टींची सरमिसळ झाली असावी असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे. तू वापरलास तर तर्क म्हणूनच वापर.

गिटार क्लॅप्टनच्या हातून कशी गेली, याचा गुंता अधिक रोचक आहे. १९६८ च्या उन्हाळ्यात हॅरिसनने लिहिलेले एक गाणे जॅकी लोमॅक्सने ‘ॲपल’साठी गायले आणि त्यात क्लॅप्टनने गिटार वाजवली. तिघे एकाच स्टुडिओत होते, तेव्हा वाद्य लोमॅक्सकडे जाण्यास वाव होता हे उघड आहे. पण ते क्लॅप्टनने थेट दिले की हॅरिसनच्या हातून गेले, आणि उसने दिले की कायमचे, याची उत्तरे सांगणाऱ्यागणिक बदलतात. तू यांतली एक कथा निवडलीस, कारण ती वाचायला सुरस आहे. दोन्ही कथा मांड आणि कोणती कोणाच्या तोंडची, हे प्रत्येक वेळी नमूद कर.

येथे क्रीमच्या निरोपाच्या मैफलीवरील चित्रपटाचा तू दिलेला दाखलाही तपासून घ्यायला हवा. २६ नोव्हेंबर १९६८ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या त्या मैफलीत क्लॅप्टनच्या हातात या गिटारऐवजी इतर गिब्सन दिसतात. टोनचे बटण फिरवून तो आपला सुप्रसिद्ध ‘वुमन टोन’ हा नाद समजावून सांगताना मात्र रंगवलेली एसजीच त्याच्या मांडीवर आहे. मुलाखत आणि मैफल हे दोन वेगळे प्रसंग एका चित्रपटात शिवलेले आहेत. त्यामुळे मैफलीची तारीख मुलाखतीला चिकटवून ‘नोव्हेंबरमध्ये गिटार त्याच्याकडेच होती’ असे म्हणता येणार नाही. मुलाखतीच्या चित्रीकरणाची तारीख मिळवलीस, तर लोमॅक्सच्या प्रश्नावरही थोडा प्रकाश पडेल.

लोमॅक्सकडून ती अमेरिकन संगीतकार टॉड रंडग्रेनकडे आली, पाचशे डॉलरला, आणि पैसे परत करून ती सोडवून नेण्याची मुभा लोमॅक्सला होती, ही हकीकत रंडग्रेनच्या बाजूने आलेली आहे. रंडग्रेन तिला ‘सनी’ म्हणे. तेव्हा तिची दशा वाईट होती: रंगावर पुरेसा संरक्षक थर नसल्यामुळे नेकवरचा (मानेवरचा) रंग वाजवताना हाताला लागून खवल्यांसारखा सुटला होता, आणि लाकडाचीही हानी झाली होती. रंडग्रेनने नेक दुरुस्त करून घेतली, रंग ठिकठिकाणी भरून घेतला आणि वर लॅकर चढवले. म्हणून ‘कोगर आणि पोस्टुमा यांचे मूळ चित्र आजही जसेच्या तसे आहे’ हे तुझे वाक्य काढून टाक. कुरळ्या केसांचा तो पंखवाला देवदूत आज दिसतो त्यात १९६७ चा रंग किती आणि दुरुस्तीचा किती, हे जवळून तपासणी केलेल्या माणसाच्या लेखी अहवालावाचून कोणी सांगू नये. शिवाय मला खटकते ते असे की ती दुरुस्ती झाली नसती तर आज वाद घालायला गिटारच उरली नसती, आणि याचे श्रेय रंडग्रेनला फारसे कोणी देत नाही. तू दे.

किमतींवर तू खर्च केलेली दोन पाने चार ओळींत बसतील. २००० मध्ये कराची थकबाकी फेडण्यासाठी रंडग्रेनने ती लिलावात विकली, सुमारे दीड लाख डॉलर आले, त्यांतला दहावा हिस्सा क्लॅप्टनच्या ‘क्रॉसरोड्स’ व्यसनमुक्ती केंद्राला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुलियन्सच्या नॅशव्हिलमधील लिलावात हीच गिटार १२ लाख ७० हजार डॉलरला गेली. मात्र लिलावाच्या सूचीतला इतिहास हा विक्रेत्याच्या हिताचा इतिहास असतो, तेव्हा त्यातले तपशील उतरवून घेताना इतर साक्षींशी ताडून पाहा. किंमत वाढली म्हणून वंशावळ अधिक शुद्ध झाली, असा जो सूर तुझ्या शेवटच्या परिच्छेदात लागला आहे, तो मला अजिबात पटलेला नाही.

पुढचा मसुदा पाठवताना छायाचित्रांच्या तारखा मजकुरातच दे, आणि ‘असे म्हणतात’ हा शब्दप्रयोग जिथे जिथे आला आहे तिथे कोण म्हणतात ते लिही. ते सांगता येत नसेल तर ते वाक्यच गाळ. पहिले वाक्य असे करून पाहा: ‘मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर दिसण्यापूर्वी ही गिटार कोणाकडून आली, याविषयी मतभेद आहेत.’

तुझा हितचिंतक